महापुरानंतर कॉलेजची फी : अमेरिकेतील अर्थसाहाय्यासाठी फेरविचाराचा अर्ज

२००५ साल आपल्यापैकी कोणी विसरणार नाही. त्या वर्षी २६ जुलै रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई व आसपासचा परिसर पाण्यात गेला. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, २९ ऑगस्ट रोजी, ‘कॅटरिना’ हे चक्रीवादळ अमेरिकेच्या लुईझियाना राज्यावर आदळले. न्यू ऑर्लीन्स शहराचे बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग जलमय झाला. तो काळ तेथील कॉलेजांचे नवे सत्र सुरू होण्याचा होता.

या शहरातील दोन कॅथॉलिक विद्यापीठांची येथे आठवण होते. एक येशूसंघीय धर्मगुरूंचे लोयोला विद्यापीठ व दुसरे झेवियर विद्यापीठ. संत कॅथरिन ड्रेक्सेल व त्यांच्या धर्मभगिनींनी १९१५ साली कृष्णवर्णीय मुलांसाठी जी शाळा उघडली, तिचेच पुढे १९२५ साली हे विद्यापीठ झाले. अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी म्हणून स्थापन झालेल्या उच्चशिक्षण संस्थांपैकी ही एकमेव कॅथॉलिक संस्था होय. वादळात झेवियरच्या इमारतींत पाणी भरले. लोयोला उंचवट्यावर असल्याने ते पुष्कळसे बचावले, परंतु शहरच रिकामे झाल्यामुळे तेथेही वर्ग भरू शकले नाहीत. देशभरातील कॉलेजांनी, त्यात अनेक येशूसंघीय विद्यापीठांनी, या मुलांना पाहुणे विद्यार्थी म्हणून आपल्या वर्गांत सामावून घेतले. १९६८ पासून झेवियरचे अध्यक्षपद सांभाळणाऱ्या डॉ. नॉर्मन फ्रान्सिस यांनी अवघ्या काही महिन्यांत विद्यापीठ पुन्हा उभे करण्याचा चंग बांधला. जानेवारी २००६ मध्ये ही दोन्ही विद्यापीठे पुन्हा सुरू झाली.

येथवरची हकीकत वर्तमानपत्रांतून आली. यापुढचा प्रश्न मात्र घराघरांत राहिला. मुलाला कॉलेजात परत पाठवायचे, तर फी कोठून आणायची? घर गेले, वडिलांचे हॉटेलातील काम गेले, आणि हाती असलेला अर्थसाहाय्याचा कागद तर वादळापूर्वीच्या सुस्थितीवर आधारलेला. अशा वेळी कॉलेजकडे अधिक साहाय्यासाठी फेरविचाराचा अर्ज करता येतो, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊकच नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांतील कित्येकांना तो करण्याचा संकोच वाटतो. परिणामी मूल एक सत्र घरी बसते, मग दुसरे, आणि पुढे त्याच्या शिक्षणाची चौकशीही कोणी करीत नाही.

आपली अनेक माणसे आज न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया येथे स्थायिक आहेत. न्यू जर्सीने ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘सँडी’ वादळ सोसले, ह्यूस्टनने ऑगस्ट २०१७ मध्ये ‘हार्वी’चा महापूर पाहिला, आणि जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वस्त्या वणव्यात भस्मसात झाल्या. म्हणूनच या अर्जाविषयी थोडे विस्ताराने लिहावे असे आम्हांस वाटले.

फॉर्मला पूर दिसत नाही

अमेरिकेत कॉलेजच्या सरकारी साहाय्यासाठी ‘फॅफ्सा’ नावाचा एक फॉर्म भरावा लागतो. कुटुंबाचे उत्पन्न, बँकेतील शिल्लक, कुटुंबातील माणसे इत्यादी माहितीवरून त्यात एक आकडा निघतो. पूर्वी त्या आकड्याला कुटुंबाचा ‘अपेक्षित वाटा’ म्हणत. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून त्याची जागा ‘स्टुडंट एड इंडेक्स’ने घेतली आहे. हा आकडा जितका लहान, तितका विद्यार्थी अधिक गरजू समजला जातो. सरकारचे मुख्य अनुदान, म्हणजे पेल ग्रँट, याच आकड्यावर ठरते. २०२५-२६ साठी या अनुदानाची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर आहे.

अडचण अशी की, फॉर्ममध्ये उत्पन्न विचारतात ते मागच्या काळाचे. कॅटरिनाच्या वेळी, २००५-०६ या वर्षासाठी २००४ सालचे उत्पन्न धरले गेले होते. २०१७-१८ पासून नियम बदलला व आणखी एक वर्ष मागे जाऊन उत्पन्न पाहिले जाऊ लागले. फॉर्म लवकर भरता यावा हा त्यामागील हेतू चांगलाच होता. परंतु नेमक्या त्याच वर्षी हार्वीचा पूर आला. ऑगस्ट २०१७ मध्ये ज्या कुटुंबाचे दुकान बुडाले, त्याच्या मुलीचे त्या वर्षीचे साहाय्य २०१५ च्या उत्पन्नावर ठरलेले होते. पुढच्या २०१८-१९ या वर्षासाठी २०१६ चे उत्पन्न. पुराचे वर्ष फॉर्ममध्ये उतरले ते थेट २०१९-२० साठी. तोवर ती मुलगी दोन वर्षे जुन्या सुबत्तेच्या हिशेबाने फी भरणार, किंवा कॉलेज सोडणार.

घराच्या बाबतीत तर याहून विचित्र प्रकार आहे. कुटुंब ज्या घरात राहते त्या घराची किंमत फॅफ्सामध्ये मालमत्ता म्हणून धरलीच जात नाही. एरवी ही सवलतच आहे. पण त्यामुळे घर वाहून गेले तरी फॉर्मवरील आकडा तसूभरही हलत नाही, कारण ते घर तेथे कधी नव्हतेच. उलट घरदुरुस्तीसाठी विमा कंपनीने दिलेली रक्कम फॉर्म भरण्याच्या दिवशी बँकेत पडून असेल, तर ती शिल्लक म्हणून दिसू शकते. म्हणजे ज्याचे छप्पर उडाले तोच कागदावर श्रीमंत ठरावा!

अधिकाऱ्याच्या हाती असलेला विवेक

हा अन्याय कायद्याच्या ध्यानात आलेला आहे. अमेरिकेच्या उच्चशिक्षण कायद्याच्या ४७९-ए या कलमान्वये प्रत्येक कॉलेजच्या अर्थसाहाय्य अधिकाऱ्याला विशेष परिस्थितीत फॉर्ममधील माहिती बदलून घेण्याचा अधिकार आहे. तेथील कार्यालयीन भाषेत याला ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात. आपण त्याला अधिकाऱ्याचा विवेकाधिकार म्हणू. नोकरी जाणे, उत्पन्न वा मालमत्ता घटणे, निवारा गमावणे, विम्याने न भरलेला वैद्यकीय खर्च अंगावर येणे, ही कारणे कायद्यातच उदाहरणादाखल नमूद आहेत. नैसर्गिक आपत्तीत यांतील दोन-तीन गोष्टी एकाच रात्री घडतात.

या अधिकाराला सीमा आहेत आणि त्या अर्जदाराने जाणून घ्याव्यात. अधिकारी सूत्र बदलू शकत नाही, शेवटचा आकडाही आपल्या मर्जीने लिहू शकत नाही. तो फक्त सूत्रात जाणारी माहिती बदलू शकतो. उदाहरणार्थ, दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नाच्या जागी चालू वर्षाचे अंदाजे उत्पन्न तो घेऊ शकतो. किंवा शिक्षणाच्या एकूण वार्षिक खर्चात वाढ मान्य करू शकतो: पुरात गेलेला संगणक व पुस्तके पुन्हा घेणे, दूरच्या तात्पुरत्या बिऱ्हाडातून येण्या-जाण्याचा वाढलेला प्रवास, वगैरे. प्रत्येक प्रकरणाचा निर्णय स्वतंत्रपणे व कागदपत्रे पाहूनच द्यावा लागतो. त्या निर्णयावर सरकारी शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. कॉलेजचा शब्द अखेरचा. म्हणून त्या कार्यालयाशी बोलताना सौजन्य सोडू नये, एवढेच आम्ही सुचवू.

डिसेंबर २०२० मध्ये संमत झालेल्या सुधारणेने, जी २०२३-२४ पासून अमलात आली, विद्यार्थ्यांची बाजू पुष्कळ बळकट झाली आहे. असा फेरविचार मागता येतो हे कॉलेजने जाहीरपणे सांगितलेच पाहिजे. ‘आमच्याकडे असे अर्ज घेत नाहीत’ असे सरसकट धोरण कोणत्याही कॉलेजला ठेवता येत नाही. या कामासाठी विद्यार्थ्याकडून वा पालकांकडून शुल्कही घेता येत नाही. आमच्या मते या नियमाचा सर्वांत मोठा लाभ मानसिक आहे. कायद्याने जी विनंती ऐकून घेणे कॉलेजला भाग पाडले आहे, ती करण्यात लाचारी कसली?

आपत्तीग्रस्तांना केंद्र वा राज्य सरकारकडून मिळालेली विशेष मदत विद्यार्थ्याच्या उत्पन्नात धरू नये, अशी शिक्षण खात्याची सूचना आहे. त्यामुळे ‘फेमा’ या आपत्ती निवारण संस्थेकडून मदत घेतली तर कॉलेजचे साहाय्य कमी होईल, या भीतीने ती मदत नाकारण्याचे कारण नाही.

अर्ज कसा लिहावा

प्रथम कॉलेजच्या अर्थसाहाय्य कार्यालयाला फोन अथवा ई-मेल करून त्यांचा ठरावीक फॉर्म आहे का ते विचारावे. बहुतेक ठिकाणी तो असतो. जोडीला एक पत्र द्यावे. पत्र विद्यार्थ्याने लिहावे की पालकांनी, याला फारसे महत्त्व नाही. मात्र उत्पन्नाविषयीचे कागद पालकांच्या सहीने जावेत. पत्र एका पानाचे असावे. आपल्याकडे दुःख सांगताना पार्श्वभूमीपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. येथे ती उपयोगाची नाही. वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढे असे शेकडो अर्ज असतात आणि त्याला संगणकात आकडे बदलायचे असतात. ते आकडे आपण त्याच्या हाती द्यावेत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ह्यूस्टनमध्ये स्थायिक झालेले एक वसईकर कुटुंब आहे, वडिलांचे छोटे दुकान व आईची शाळेतील नोकरी आहे, असे समजा. २०१५ मध्ये दोघांचे मिळून उत्पन्न ८४,००० डॉलर होते. पुरानंतर दुकान बंद पडले, आणि २०१७ चे उत्पन्न ५१,००० डॉलरवर येईल असा अंदाज आहे. घराच्या दुरुस्तीला ३८,००० डॉलर लागले. घराच्या नेहमीच्या विम्यात तेथे पुराचे नुकसान धरले जात नाही, त्यासाठी वेगळा विमा उतरवावा लागतो आणि तो या कुटुंबाने घेतलेला नव्हता. सात महिने भाड्याच्या घरात, दरमहा १,४०० डॉलरप्रमाणे, ९,८०० डॉलर गेले. त्यांचे पत्र साधारणपणे असे असावे:

‘माझ्या मुलीच्या २०१७-१८ च्या साहाय्याचा हिशेब आमच्या २०१५ च्या ८४,००० डॉलर उत्पन्नावर झाला आहे. २७ ऑगस्ट २०१७ रोजी आमच्या घरात व दुकानात पुराचे पाणी शिरले. दुकान त्या दिवसापासून बंद आहे. २०१७ चे आमचे उत्पन्न सुमारे ५१,००० डॉलर होईल. महिनावार हिशेब सोबत आहे. विम्याने न भरलेला दुरुस्तीचा खर्च ३८,००० डॉलर व भाडे ९,८०० डॉलर आहे. पावत्या जोडल्या आहेत. आपण २०१७ चे उत्पन्न विचारात घ्यावे व हा खर्च ध्यानात घेऊन साहाय्याचा फेरविचार करावा, ही विनंती.’

पत्र एवढेच. शेवटी आभार मानावेत व दूरध्वनी क्रमांक द्यावा. दुसऱ्या कॉलेजने किती देऊ केले याचा उल्लेख या पत्रात नसावा. ती घासाघीस होते आणि मूळ मुद्दा झाकोळतो. आकडे फुगवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. सरकारी साहाय्यासाठी खोटी माहिती देणे हा तेथे गंभीर गुन्हा आहे, आणि खरे नुकसान पुरेसे बोलके असते.

कागदपत्रांच्या बाबतीत आपल्याकडील तलाठ्याच्या पंचनाम्याची आठवण ठेवावी. ज्याचा पंचनामा नाही त्याचे नुकसान नाही, हा आपला अनुभव तेथेही लागू पडतो. फेमाकडे केलेल्या नोंदणीचे पत्र, त्यांनी मदत नाकारली असेल तर नकाराचेही पत्र, विमा कंपनीचे उत्तर, दुरुस्तीच्या पावत्या, भाड्याचा करार, मालकाचे नोकरी संपल्याचे पत्र, बेकारी भत्त्याचा कागद, पाणी ओसरण्यापूर्वी काढलेली छायाचित्रे, असे जे हाती असेल ते जोडावे. नकाराचे पत्र लोक रागाने फाडून टाकतात. वास्तविक तेच सर्वांत मोलाचे, कारण खर्च अन्य कोठूनही भरून निघाला नाही हे त्यावरून सिद्ध होते. सारे कागद पुरात गेले असतील तर तसे स्पष्ट लिहावे. करविवरणाची प्रत तेथील आयकर खात्याकडून पुन्हा मिळते. कुटुंबाला घर सोडावे लागले हे प्रत्यक्ष पाहिलेल्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचे वा शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्रही पूरक पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते. मात्र त्यात शिफारशीपेक्षा पाहिलेली वस्तुस्थिती असावी.

अर्ज वर्षाच्या मध्यावरही करता येतो. तरीही विलंब करू नये. पेल अनुदान सरकारी तिजोरीतून येते, पण कॉलेजच्या स्वतःच्या निधीतील रक्कम मर्यादित असते, आणि मोठ्या आपत्तीनंतर मागणारे पुष्कळ असतात.

नोटर डेम, बॉस्टन कॉलेज, जॉर्जटाऊन यांसारख्या अनेक खाजगी कॅथॉलिक विद्यापीठांत फॅफ्साखेरीज ‘सीएसएस प्रोफाइल’ हा दुसरा फॉर्मही भरावा लागतो. त्यावरून ही विद्यापीठे स्वतःच्या निधीतील साहाय्य ठरवतात. त्या फॉर्ममध्ये राहत्या घराची किंमतही विचारतात, व काही कॉलेजे ती हिशेबात धरतात. म्हणून तेथे अर्ज करताना पुरानंतर घराची किंमत किती उरली हेही लिहावे. त्या फॉर्ममध्ये विशेष परिस्थिती सांगण्यासाठी स्वतंत्र जागाही असते.

अर्जाने सर्व काही साधते असे नाही. ज्याला आधीच पेल अनुदानाची कमाल रक्कम मिळत आहे त्याचे ते अनुदान या अर्जाने वाढणार नाही. अशा विद्यार्थ्याने कॉलेजच्या आपत्कालीन निधीविषयी वेगळी चौकशी करावी. काही वेळा फेरविचारानंतर हाती येते ते अनुदान नसून कर्ज असते. उत्तराचे पत्र वाचताना यांतील कोणती रक्कम परत करावयाची आहे ते ओळीओळीने तपासावे. आपली माणसे एकूण बेरीज पाहून समाधान मानतात, आणि कर्जाचा उलगडा पदवीनंतर होतो.

सत्र अर्धवट सुटले तर

आपत्तीनंतर पुष्कळ मुले कॉलेजला न कळवता निघून जातात. हे टाळावे. सत्राचा ६० टक्के काळ पूर्ण होण्यापूर्वी कॉलेज सोडल्यास मिळालेल्या साहाय्याचा काही भाग परत करावा लागतो, असा सर्वसाधारण नियम आहे. कॅटरिनानंतर याच नियमाने पूरग्रस्त मुलांवर अनुदान परतफेडीचा बोजा पडणार होता. तेव्हा अमेरिकन संसदेने सप्टेंबर २००५ मध्ये, म्हणजे वादळानंतर महिन्याच्या आत, खास कायदा करून जाहीर आपत्तीग्रस्त भागातील विद्यार्थ्यांना अशी परतफेड माफ करण्याचा अधिकार शिक्षणमंत्र्यांना दिला. पुढे कोणाला अशी वेळ आल्यास कॉलेज सोडण्यापूर्वी कार्यालयात जाऊन आपल्याला कोणती सवलत लागू आहे ते विचारावे, व उत्तर लेखी घ्यावे.

त्या सत्रात विषय राहिले वा गुण घसरले, तर साहाय्य बंद होण्याचीही शक्यता असते, कारण ते चालू राहण्यास समाधानकारक प्रगतीची अट आहे. याविरुद्ध कॉलेजात वेगळे अपील करण्याची सोय सरकारी नियमांत आहे. आजारपण, नातलगाचा मृत्यू किंवा अन्य विशेष परिस्थिती ही त्याची मान्य कारणे होत. काय घडले आणि आता काय बदलले आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या अपिलात द्यावी लागतात.

येथून शिकावयास गेलेल्यांसाठी

वरील सरकारी साहाय्य अमेरिकन नागरिकांना, ग्रीनकार्डधारकांना व अन्य काही मोजक्या वर्गांना मिळते. आपल्या धर्मग्रामांतून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलांना ते मिळत नाही. त्यांच्या बाबतीत आपत्ती बहुधा उलट्या दिशेने येते. मूल तेथे सुरक्षित असते, आणि फी पाठवणारे घर येथे बुडते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा ज्यांचा व्यवसाय गेला, त्यांच्यापैकी ज्यांची मुले परदेशी शिकत होती त्यांच्यासमोर हाच पेच उभा राहिला असणार.

अशा विद्यार्थ्याने कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीसाठी व आपत्कालीन निधीसाठी अर्ज करावाच. याखेरीज विद्यार्थी व्हिसाच्या नियमांत ‘तीव्र आर्थिक अडचण’ या कारणाखाली कॉलेजबाहेर नोकरी करण्याची परवानगी मागता येते. खर्च उचलणाऱ्याच्या आर्थिक स्थितीत अनपेक्षित बदल झाला, हे त्यातील एक मान्य कारण आहे. त्यासाठी विद्यार्थी व्हिसावर एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेले असावे, अभ्यास समाधानकारक असावा, आणि कॉलेजच्या आवारातील काम मिळत नाही वा पुरेसे नाही हे दाखवता यावे. प्रथम कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी विभागातील अधिकृत अधिकाऱ्याची शिफारस घ्यावी लागते, मग आय-७६५ हा अर्ज सरकारकडे जातो. परवानगी एका वेळी जास्तीत जास्त एका वर्षाची असते व सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही. २०१० च्या हैतीतील आणि २०१५ च्या नेपाळमधील भूकंपानंतर त्या देशांच्या विद्यार्थ्यांसाठी हे नियम अमेरिकन सरकारने आणखी शिथिल केले होते.

परवानगी हाती येण्यापूर्वी बाहेर एक दिवसही काम करू नये. त्याने व्हिसाच धोक्यात येतो. येथील पालकांनी मात्र वाट न पाहता पंचनाम्याची प्रत, तहसीलदारांचा दाखला व व्यवसाय बंद असल्याचे कागद इंग्रजी भाषांतरासह लवकरात लवकर मुलाकडे पाठवावेत. घरची स्थिती मुलापासून लपवून ठेवणारे आईवडील आम्ही पाहिले आहेत. त्यांची माया आम्ही जाणतो, पण त्या कागदांवाचून मुलाचा अर्ज पुढे सरकत नाही.